बर्फाच्या पोटातलं पाणी

१

हिराबाई तांडेलांनी कुऱ्हाड उगारली आणि बर्फाच्या लादीच्या बरोबर मध्यावर घातली. लादी फुटली ती 'टण्ण' करून नाही, 'भस्स' करून. तिच्या पोटातून तांब्याभर पाणी निघालं आणि हिराबाईंच्या पायांवरून वाहत वसईतल्या पाचूबंदरच्या धक्क्यावर पसरलं. टोपल्यांतले बोंबील बर्फाची वाट बघत तसेच उघडे पडून राहिले.

"बघ शेट, बघ!" हिराबाई कडाडल्या. "ह्याला बरफ बोलाचा? ह्यो तं शहाळा झाला!"

धक्क्यावरच्या बायका खो खो हसल्या. कॉन्रॅड डाबरे मात्र हसला नाही. सागरतारा बर्फ कारखाना त्याच्या वडिलांनी काढलेला होता आणि पाचूबंदरच्या निम्म्याअधिक होड्या त्याच बर्फावर समुद्रात जात होत्या. १९८७ सालचा मे उजाडल्यापासून लाद्या अशा आतून कच्च्या निघू लागल्या होत्या. पाऊस लागला की होड्या किनाऱ्याला ओढतात, म्हणून मे महिना म्हणजे कोळ्यांचे शेवटचे कमाईचे दिवस. अशा वेळी बर्फ दगा देतो म्हणजे काय!

"परवाची सकाल बगते," हिराबाई म्हणाल्या. "परवा पन पानीच निंगालं, तं आमच्या होड्या दुसऱ्याचा बरफ भरतील. तुज्या बापाची वलख हाय म्हनून येवढं तरी थांबते."

कॉन्रॅडच्या शेजारी उभी असलेली बाई इतका वेळ खाली वाकून फुटकी लादी निरखत होती. तिचं नाव डेल्फिन लोपीस. माहेर भुईगावचं, नोकरी मुंबईची, खांद्याला अवजारांची पिशवी आणि पिशवीत अवजारांच्याही वर सुकेळीचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा. कारखान्यांतून यंत्रांवर हुकूम चालवणाऱ्या शहाण्या पेट्या बसवायची तेव्हा नुकती कुठे सुरुवात झाली होती. मोठे लोक त्यांना पीएलसी म्हणत, बाकी सगळे पेटी. पेटी रुसली की तिची समजूत काढायला कंपनी डेल्फिनला पाठवायची. हे काम तिला मनापासून आवडायचं, आणि आवडतं असं ती विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगायची.

"बाहेरून चार बोटं पक्का आणि आत पाणी," ती सुकेळीचा तुकडा तोंडात टाकत म्हणाली. "म्हणजे गारवा थोडा वेळ मिळालाय आणि थोडा वेळ नाही. डाबरेसाहेब, तुमच्या कारखान्यात कुणीतरी खोडा घालतंय. पण गंमत अशी की कुणीतरी तो सावरतंयही."

"सावरतंय वगैरे काही नाही," कॉन्रॅड म्हणाला. "पेटीला काही झालेलं नाही, बाई. हे माणसाचं काम आहे, आणि माणूस मला ठाऊक आहे. उद्या मी त्याच्यावर पोलीस चौकीत तक्रार देणार."

"कोण आहे तो?"

कॉन्रॅडने समुद्राकडे तोंड फिरवलं.

"माझा धर्मबाप," तो म्हणाला.

२

कारखाना केळी-नारळीच्या वाडीत होता. वाडीच्या एका टोकाला कॉम्प्रेसरची खोली, तिच्यात गारवा तयार व्हायचा. दुसऱ्या टोकाला गोड्या पाण्याची विहीर आणि तिच्यावरची पंपाची खोली. दोन्ही खोल्यांत एकेक पेटी बसवली होती आणि जमिनीखालून गेलेली एक वायर त्यांना जोडत होती. कामगारांनी तिचं नाव 'बोलकी वायर' ठेवलं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. विहिरीवरची पेटी त्या वायरीतून सारखी कळवत राहायची, की पंप चालू आहे, पाणी येतंय. कॉम्प्रेसरला थंड ठेवायला पाणी लागतं. म्हणून तिकडची खबर थांबली की इकडची पेटी कॉम्प्रेसर बंद करून टाकायची. आणि इकडून उत्तर आलं नाही की विहिरीवरची पेटीही पंप थांबवायची.

"ह्यात वाईट काही नाही," डेल्फिनने कॉन्रॅडला सांगितलं. "खबर नसताना गप्प बसणं हा शहाणपणाच आहे. निम्म्या गावाला तो जमत नाही."

कॉम्प्रेसरच्या खोलीतल्या पेटीवर तीन दिवे होते. दोन्ही पेट्या नीट बोलत असल्या की हिरवा, बोलणं तुटलं की लाल. आणि विहिरीवर कुणी खटका फिरवून पंप आपल्या हातात घेतला, की ती बातमी वायरीतून इकडे यायची आणि पिवळा लागायचा. सध्या हिरवा शांतपणे जळत होता.

कॉम्प्रेसर सांभाळायचा निकोलस. जाडजूड, हसरा, सगळ्यांना सगळं सांगणारा. डेल्फिनला असा साक्षीदार म्हणजे मेजवानी वाटायची.

"संध्याकाळी दिवेलागणीला लाल लागतो, बाई," निकोलस म्हणाला. "कॉम्प्रेसर बसतो. मग मी टाकीत पाणी आहे तोवर जपून जपून हाताने चालवतो. जरा चालवायचा, जरा थांबवायचा, नाहीतर पाणी संपून यंत्र जळायचं. पहाटे लाल आपोआप जातो आणि मग पिवळा लागतो."

"टाकी संपते कधी?"

निकोलसने डोकं खाजवलं. "तेच तर नवल आहे. संपतच नाही. चांगली मोठी बांधलीय शेटच्या वडिलांनी."

डेल्फिनने खिडकीतून टाकी बघितली. टाकी काही एवढी मोठी नव्हती. तिने सुकेळी चावत ती गोष्ट मनात ठेवून दिली.

"आणि रोज असंच होतं?"

"रविवारी होत नाही. आणि गेल्या गुरुवारी झालं नव्हतं. मी म्हटलं, गेली पीडा. तर शुक्रवारी परत हजर!"

कॉन्रॅड इतका वेळ दारात उभा होता. आता त्याला राहवलं नाही. "आता माझं ऐका. विहिरीवरचा पंप तीस वर्षं सॅन्टनबाबाने चालवला. सॅन्टन तुस्कानो. माझ्या बाप्तिस्म्याला ह्याच माणसाने मला हातात धरलं होतं. मार्चमध्ये पेटी आली आणि त्याला काम उरलं नाही. एप्रिल सरताना मी त्याला म्हटलं, आता घरी बसून आराम कर. आणि मे लागताच लाल दिवा लागायला लागला. सकाळी जाऊन बघावं तर विहिरीवरचा खटका फिरवलेला, आणि त्याच्यावर खोबरेल तेलाचे डाग. गावात एवढं तेल डोक्याला कोण चोपडतं ते शेंबडं पोरही सांगेल. पेटी बदनाम झाली की आपल्याला परत बोलावतील, असा त्याचा हिशेब असणार."

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं. का बिघडवतोस म्हणून विचारलं. माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. निर्दोष माणूस असा निघून जातो का?"

डेल्फिन पिशवी उचलून विहिरीकडे निघाली. पंपाच्या खोलीचं दार उघडंच होतं, आणि आत पेटीसमोर स्टूल टाकून एक तेल चोपडलेलं पांढरं डोकं बसलं होतं.

३

"या बाय," सॅन्टनबाबा मान न वळवता म्हणाले. "वायर तपासायला आल्या, की मना, सॅन्टनला?"

"आधी वायर," डेल्फिन म्हणाली. "ती खोटं बोलत नाही."

म्हातारा गालात हसला. डेल्फिनने दुपारभर वायर तपासली. वायर कुठे तुटली नव्हती, कुठे कुरतडली नव्हती, पेटीतले सगळे स्क्रू घट्ट होते. पेटीच्या आतली बोलायची पट्टी काढून तिने पिशवीतली नवी बसवून बघितली. काही फरक नाही. दिवसाढवळ्या सगळं एकदम गुण्यागोविंदाने चाललं होतं. दुखणं असं असतं, की डॉक्टर आला की पळून जातं.

वायर टाकली होती मायकलने. तो कारखान्याचा वायरमन, पाचूबंदरच्या मच्छीमार घरातला, बापाच्या होडीवर वाढलेला. त्याने डेल्फिनला आपलं काम अभिमानाने फिरवून दाखवलं.

"तुमच्या कंपनीचा माणूस नकाशा देऊन गेला नि मी एकट्याने ओढली," तो म्हणाला. "हात लावून बघा. आपलं काम म्हणजे दोन्हीकडे पक्कं बांधलेलं. वादळ आलं तरी सुटायचं नाही."

"आणि लाल दिवा?"

"त्यात माझी चूक निघाली तर होडीवर परत जाईन," मायकल म्हणाला. पण बोलताना त्याने वायरीचं टोक पुन्हा एकदा ओढून बघितलं. बायको पोटुशी होती त्याची, असं निकोलसने न विचारता सांगितलं होतं.

विहिरीच्या बाजूलाच एक दगडी क्रूस होता. जुना, चुन्याने रंगवलेला, पायथ्याशी मोगऱ्याचं दाट आळं. तिथे कॉन्रॅडची आत्या, साऱ्या वाडीची फ्लॉसीमावशी, केराचं एकेक पान वेचत होती. लाल चौकडीचं लुगडं, कमरेला खोचलेला पदर, आणि जिभेला अजिबात विसावा नाही.

"मे म्हणजे मरियामातेचा महिना, बाय," ती म्हणाली. "रोज सांजेला इथं रोझरी, माळेचा जप. रविवारी तेवढी देवळात. सॅन्टन पुढे बसून लितानीत मरियेचं एकेक नाव घेतो, अख्खी वाडी मागून म्हणते. आमचा कॉन्रॅड नाही येत आता. धर्मबापासमोर गुडघे टेकायला लाज वाटते त्याला. आणि पोलिसात जायला नाही वाटत!"

"सॅन्टनबाबा रोज असतात?"

"तीस वर्षांत चुकला नाही. मीच गेल्या गुरुवारी चुकले. अंग कणकणलं होतं, पडून राहिले. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर माझा मोगरा मान टाकून बसलेला. एकाही बाईला सुचलं नाही त्याच्याकडे बघायचं."

डेल्फिनने मोगऱ्याची दोनच फुलं मागून घेतली आणि परत पंपाच्या खोलीत गेली. सॅन्टनबाबा तसेच बसले होते. ती त्यांच्या शेजारी जमिनीवर टेकली आणि सुकेळीचा पुडा पुढे केला. म्हाताऱ्याने एक उचललं.

"बाबा, सरळ विचारते. ह्या खटक्याला हात कोण लावतं?"

म्हातारा सुकेळी सावकाश चघळत राहिला. बाहेर केळीची पानं वाऱ्याने फडफडत होती.

"मीच लावतो," तो म्हणाला. "रोज."

४

"का लावता?" डेल्फिनने विचारलं. पण सॅन्टनबाबांनी मान हलवली. "ज्याने इचाराला पाहिजे त्याने इचारावं. नीट इचारावं. मग सांगीन."

एवढा कबुलीजबाब मिळाल्यावर दुसऱ्या कुणी पिशवी आवरली असती. पण चोर इतक्या समाधानाने सुकेळी खात बसत नाहीत, असं डेल्फिनचं आपलं मत होतं. शिवाय ती टाकी तिच्या डोक्यात टोचत होती. ती संध्याकाळची वाट बघत पंपाच्या खोलीच्या दारात थांबली. तिथून एका नजरेत विहीर, क्रूस आणि भिंतीवरची पेटी असं तिन्ही दिसत होतं. ह्या पेटीवरही हिरवा आणि लाल असे दोन दिवे होते.

उन्हं कलली. बायका-पोरं चटया घेऊन येऊ लागली. फ्लॉसीमावशीने विहिरीचं पाणी शेंदलं, धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडलं, मग मोगऱ्याच्या आळ्यात कळशीमागून कळशी रिती केली. "पी बाबा, पी. तुला बघणारं कोण आहे माझ्याशिवाय!" कुणीतरी मेणबत्त्या लावल्या. सॅन्टनबाबा सगळ्यांच्या पुढे गुडघे टेकून बसले आणि रोझरी सुरू झाली. डेल्फिनही मागून पुटपुटत होती. भुईगावच्या क्रुसापाशी आई अशीच तिला ओढत न्यायची, त्याची तिला आठवण झाली आणि फार बरं वाटलं.

लितानी आली. "प्रभाततारे," सॅन्टनबाबांचा खर्जातला आवाज चढला.

"आम्हांसाठी विनंती कर," वाडी म्हणाली.

आणि डेल्फिनच्या डोळ्यांदेखत पेटीवरचा हिरवा दिवा फडफडला, विझला, लाल लागला. पंपाची घरघर थांबली. खोलीत चिटपाखरू नव्हतं. खटक्याजवळ कुणीही गेलं नव्हतं. सॅन्टनबाबा तिच्यासमोर साऱ्या वाडीच्या पुढे हात जोडून बसलेले होते. पंप थांबलेला ऐकून त्यांचा आवाज क्षणभर अडखळला, पण लितानी त्यांनी अर्धवट सोडली नाही.

रोझरी संपली. रिवाजाप्रमाणे पोरंबाळं रांगेने थोरांपुढे गेली, हात जोडले, आशीर्वाद घेतले. तेवढं उरकून सॅन्टनबाबा उठले आणि झपाझप पंपाच्या खोलीत आले. डेल्फिनकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ खटक्यावर हात ठेवला आणि फिरवला. पंप घरघरू लागला.

त्याच वेळी विहिरीच्या आडोशाने कुणीतरी धावत आलं आणि म्हाताऱ्याचं मनगट पकडलं.

"सापडला!" कॉन्रॅड ओरडला. "बघा बाई, बघा! आता तरी पटलं?"

५

चटया गुंडाळणाऱ्या बायका जागच्या जागी थिजल्या. फ्लॉसीमावशीने तोंडाला पदर लावला. सॅन्टनबाबा मनगट सोडवून घ्यायची खटपटही करत नव्हते. ते नुसते कॉन्रॅडकडे बघत होते, आणि डेल्फिनला ती नजर सहन होईना.

"हात सोडा त्यांचा," ती म्हणाली. "मी इथेच उभी होते. लाल दिवा आधी लागला. ते नंतर आले."

"आधीच काहीतरी करून ठेवलं असेल!"

"बरं, माझ्या डोळ्यांवर जाऊ नका. निकोलस रोज काय बघतो ते आठवा. आधी लाल लागतो. पिवळा लागतो तो पहाटे, लाल गेल्यावर. आता सांगा, खटका फिरवल्याची बातमी तुमच्या खोलीत येते कशातून?"

"वायरीतून."

"मग खटक्याने बिघाड झाला असता तर आधी पिवळा लागायला हवा होता. वायर धड असतानाच खटका फिरला असता ना! पिवळा आधी एकदाही लागला नाही. म्हणजे बाबांनी हात लावायच्या आधीच वायर मुकी झालेली असते, रोज. खटक्याची बातमी बिचारी रात्रभर वाटेत ताटकळते आणि पहाटे वायर बोलायला लागली की पोचते."

कॉन्रॅडने मनगट सोडलं, पण चेहऱ्यावरचा ताठा सोडला नाही. "मग वायर मुकी कोण करतं?"

"ते मला अजून माहीत नाही," डेल्फिन म्हणाली, आणि हसली, कारण हा भाग तिला सगळ्यात आवडायचा. "उद्या दुपारपर्यंत सांगते."

"दुपारपर्यंत थांबतो. मग चौकीत जाईन. वायर मुकी करण्यात ह्याचा हात नाही असं तुम्ही अजून सांगितलेलं नाही."

हे मात्र खरं होतं.

सकाळी डेल्फिन विहिरीच्या काठावर बसून विचार करत राहिली. सुकेळी संपत आली होती. रविवारी सॅन्टनबाबा देवळात, म्हणून बिघाड नाही. इथवर कॉन्रॅडचं बरोबर होतं. पण गुरुवारी म्हातारा इथेच होता, लितानी झाली, मेणबत्त्या लागल्या, आशीर्वाद झाले. सगळं रोजच्यासारखं. तरी लाल दिवा लागला नाही. गुरुवारी काय नव्हतं? कोण नव्हतं?

तिने मान वर केली. मोगरा सकाळच्या उन्हात टवटवीत दिसत होता. आळ्यातली माती मात्र वरून पांढरी पडली होती. वसईची रेताड जमीन ती, पाणी पितेही पटकन आणि सोडतेही पटकन.

डेल्फिन उठली, क्रुसापाशी गेली आणि मोगऱ्याची पानं बाजूला सारली. मुळांच्या बेचक्यातून एक लोखंडी पाइप जमिनीत गेला होता आणि त्याला एक हिरवी वायर घट्ट आवळलेली होती. तिने वायरीचा माग काढला. वायर क्रुसाच्या चौथऱ्याला वळसा घालून पंपाच्या खोलीत शिरत होती.

"फ्लॉसीमावशी!" तिने हाक मारली. "तुमची कळशी द्या. आणि सगळ्यांना इथे बोलवा. गुन्हेगार सापडला."

६

ऐन दुपारी क्रुसापाशी सगळे जमले. कॉन्रॅड हाताची घडी घालून उभा होता, सॅन्टनबाबा चौथऱ्यावर टेकले होते, मायकल घाम पुसत होता. निकोलसला डेल्फिनने कॉम्प्रेसरच्या दारात उभं केलं होतं, दिवा बदलला की ओरडायला.

"आता कुठला आहे?" तिने ओरडून विचारलं.

"हिरवा!" केळींपलीकडून उत्तर आलं.

डेल्फिनने कळशी उचलली आणि मोगऱ्याच्या आळ्यात ओतली. मग दुसरी. तिसरी ओतता ओतता पंपाची घरघर बंद पडली.

"लाल! लाल लागला!" निकोलस ओरडला. "अहो, भर दुपारी!"

फ्लॉसीमावशीने कपाळाला हात लावला. "आई मारिये! म्हणजे मी?"

"तुम्ही आणि तुमचा मोगरा," डेल्फिन म्हणाली. "पण तुम्ही फक्त पाणी घातलंत. ऐका आता. बोलक्या वायरीवर एक तारेची जाळी असते. बाहेरची गडबड आत शिरू नये म्हणून. ती जाळी जमिनीला जोडायची, म्हणजे अर्थिंग करायचं, पण एकाच टोकाला. इथे ती दोन्ही टोकांना जोडलीय. एक टोक कॉम्प्रेसरपाशी, दुसरं ह्या हिरव्या वायरीने मोगऱ्यात. कॉम्प्रेसरची मोटर मोठी, तिच्या बाजूच्या जमिनीत वीज थोडी झिरपत असते. माती कोरडी असेपर्यंत हे टोक असून नसल्यासारखं. पाणी पडलं की वाट उघडते. मग ती झिरपलेली वीज जाळीतून इकडून तिकडे धावते आणि तिच्या गोंगाटात दोन्ही पेट्यांना एकमेकींचं बोलणं ऐकू येत नाही. मावशी आजारी, मोगरा कोरडा, दिवा हिरवा. रविवारी रोझरी देवळात, मोगरा कोरडा, दिवा हिरवा. मार्च-एप्रिलमध्ये इथे रोझरी नव्हती, मावशी रोज सांजेला कळशी घेऊन येत नव्हत्या, म्हणून तेव्हा सगळं सुरळीत होतं."

"आणि पहाटेपर्यंत माती कोरडी होते," कॉन्रॅड हळूच म्हणाला.

"झाली की पेट्यांचा समेट."

डेल्फिन पंपाच्या खोलीत गेली. तिने एकच स्क्रू सैल करून हिरवी वायर मोकळी केली. आळ्यात पाणी अजून चमकत होतं, आणि केळींपलीकडून निकोलस नाचत असल्यासारखा ओरडला, "हिरवा! हिरवा!"

मायकल खाली बसला. "नकाशात ते टोक मोकळंच दाखवलं होतं," तो म्हणाला. "मना वाटलं, रेघ ओढायची राहिली. आमच्यात एका टोकाला बांधलेला दोर बांधलाय असं कोन म्हनतं? होडी पुढं नाळेलाही बांधायची नि मागं वरामालाही, नाहीतर भरतीला फिरून आपटते. म्हणून मी इथं पन बांधलं. नि माती मऊ होती म्हणून इथं पाइप ठोकला. क्रुसाच्या पायाशी काही वाईट होनार नाही, असं वाटलं."

"होडीला तुझंच बरोबर आहे," डेल्फिन म्हणाली. "वायरीला उलटं. आता आयुष्यात विसरणार नाहीस. आणि होडीवर परत जायचं काही कारण नाही, काय डाबरेसाहेब?"

कॉन्रॅडने मान हलवली. पण त्याचं लक्ष मायकलकडे नव्हतं. तो सॅन्टनबाबांकडे वळला होता. एवढा मोठा मालक, पण त्या घडीला दप्तर हरवलेल्या पोरासारखा दिसत होता.

"मग तू रोज संध्याकाळी इथे येऊन काय करतोस, बाबा?" अखेर त्याने विचारलं.

"हां," म्हातारा म्हणाला. "आता इचारलास. तवा तू 'का बिघडवतोस' इचारलास, त्याला माज्याकडं जवाब नव्हता." त्याने विहिरीकडे हात केला. "माजं घर त्या माडामागं. तीस वरसं ह्या पंपाचा आवाज ऐकत जेवलो. तो थांबला की घास खाली जात नाही. पेटीला वाटतं खबर बंद झाली, गप बसावं. पन पाचूबंदरच्या होड्या थोड्याच गप बसनार? म्हनून खटका फिरवतो, टाकी भरत ठेवतो. तुजा बाप सांगून गेलाय, सॅन्टन, टाकी रिकामी ठेवू नको."

निकोलस धापा टाकत येऊन पोचला होता. "म्हणून टाकी संपत नव्हती!" तो म्हणाला. फ्लॉसीमावशी डोळे पुसत होती.

कॉन्रॅड मान खाली घालून कारखान्याकडे चालू लागला. त्याची पाठ बघून डेल्फिनला त्याच्याविषयी पहिल्यांदाच माया वाटली. लाज वाटणारा माणूस वाया गेलेला नसतो.

त्या संध्याकाळी तो रोझरीला आला नाही. रात्रभर पेटीसमोर बसून हिरव्या दिव्याकडे बघत राहिला, असं निकोलसने अर्थातच सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाईंची कुऱ्हाड लादीवर पडली ती 'टण्ण' करून, आणि लादीची काचेसारखी दोन शुभ्र शकलं झाली. "आता झाला बरफ!" हिराबाई म्हणाल्या, आणि डेल्फिनच्या पिशवीत सुक्या बोंबलांची जुडी कोंबली. सुकेळीचा पुडा संपल्यामुळे जागाही होती. डेल्फिनला खरं तर सकाळीच निघता आलं असतं. पण एक संध्याकाळ अजून बघून जाते, असं तिने कंपनीला कळवलं. काम पुरतं झालं की नाही याची खात्री करायला हवी, असं कारण दिलं, आणि ते खोटंही नव्हतं.

त्या संध्याकाळी फ्लॉसीमावशीने मोगऱ्याला नेहमीपेक्षा दोन कळशा जास्त घातल्या, सगळ्यांना दिसेल अशा ऐटीत. रोझरी झाली, लितानी झाली, पेटीवरचा हिरवा दिवा हलला नाही. मग पोरंबाळं आशीर्वादाच्या रांगेला लागली, आणि रांगेच्या शेवटी, शेंबड्या पोरांच्या मागे, कॉन्रॅड डाबरे येऊन उभा राहिला.

त्याची पाळी आली. त्याने चपला काढल्या, ओल्या मातीत गुडघे टेकले आणि हात जोडले.

"बाबा, मला माफ कर," तो म्हणाला. "आणि उद्यापासून पंपावर ये. ती पेटी राहू दे तिच्या जागी. खबर तुटली तरी जागं राहणारं माणूस मला लागतं."

"येतोच हाय की," सॅन्टनबाबा म्हणाले. "गेलो कवा होतो?" त्यांनी तेलकट हात धर्मलेकाच्या डोक्यावर ठेवला, आणि आशीर्वाद पुटपुटून झाल्यावरही तो बराच वेळ तिथेच राहू दिला. मागे विहिरीवर पंप चालू होता.